वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय (राणीची बाग)

मुंबईतील भायखळा येथील हे उद्यान बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या व्यवस्थेखाली असून, एकोणिसाव्या शतकातील वनस्पती उद्यान आणि त्याच्याच आवारात पुढे वाढत गेलेले प्राणिसंग्रहालय असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. सुमारे 50 एकरांचे हे क्षेत्र गिरणगावाच्या दाट वस्तीला लागून आहे. इंग्रजी अमदानीत ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ म्हणून ओळखले जाई. स्वातंत्र्योत्तर काळात त्याला जिजाबाईंचे नाव देण्यात आले, तरी मुंबईकरांच्या बोलण्यात ‘राणीची बाग’ हेच नाव टिकून आहे. सहकुटुंब सहलीचे ठिकाण म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहे. प्राण्यांची रोजची देखभाल मात्र बहुतांशी पाहणाऱ्यांच्या नजरेआड चालते आणि अशा संस्थेची योग्यता ठरवायची तर ती त्या देखभालीवरूनच ठरवली पाहिजे.

अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेचे शिवडी येथील उद्यान दफनभूमीसाठी घेतले गेल्यावर भायखळ्याला नवे उद्यान उभारण्यात आले. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ते खुले झाले. त्याच्या उभारणीत डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचा पुढाकार होता. 1872 मध्ये याच आवारात वस्तुसंग्रहालय सुरू झाले, ज्याला 1975 मध्ये भाऊ दाजींचे नाव मिळाले. 1873 मध्ये उद्यान नगरपालिकेकडे आले आणि 1890 च्या सुमारास त्याचा विस्तार झाला. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ हे नाव पडले, तो दगडी हत्ती 1864 मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला. त्याचे तुकडे पुढे जोडण्यात आले आणि तो आज वस्तुसंग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. प्राणी पाहण्याच्या घाईत येथून पुढे निघून जाणारी कुटुंबे पुष्कळ असतात. मुलांना येथे थोडा वेळ थांबवणे निश्चितच सार्थकी लागते.

वृक्षसंपदेच्या दृष्टीने हे उद्यान शहरात अनन्यसाधारण आहे. गोरखचिंच, कैलासपती आणि ब्रह्मदेशातून आलेला, लालबुंद झुबकेदार फुलोऱ्यांचा उर्वशी वृक्ष ही त्यांतील ठळक नावे होत. उद्यानाला वारसास्थळाचा दर्जा आहे. विसाव्या शतकातील पिंजरे जाऊन त्यांच्या जागी मोठी आधुनिक दालने यावीत, या हेतूने 2007 च्या सुमारास उद्यानाच्या संपूर्ण पुनर्रचनेची योजना पुढे आली, तेव्हा जुनी झाडे धोक्यात येतील म्हणून नागरिकांनी तिला विरोध केला आणि पुढे ती योजना बदलावी लागली. या वादाने राणीच्या बागेपुढील मूळ अडचण स्पष्ट केली. प्राण्याला ऐसपैस जागा द्यायची तर झाडे आड येतात, झाडे राखायची तर प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवावी लागते. पुण्यात पेशवे पार्कमधील प्राणी कात्रजच्या विस्तीर्ण जागेतील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलवता आले. मुंबई शहरात तशी जागा नाही. म्हणून येथे थोडेच प्राणी ठेवून ते नीट ठेवणे हाच योग्य मार्ग ठरतो.

भारतातील कोणतेही प्राणिसंग्रहालय केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय चालवता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 1991 साली झालेल्या दुरुस्तीने या प्राधिकरणाची तरतूद झाली आणि 1992 मध्ये ते स्थापन झाले. दालनांचे आकारमान, पशुवैद्यकाची नेमणूक, आहार, आरोग्याच्या नोंदी, मेलेल्या प्राण्याचे शवविच्छेदन अशा बाबींवर त्याचे नियम बंधनकारक असून, दोन संग्रहालयांमधील प्राण्यांच्या देवाणघेवाणीलाही त्याची संमती लागते. जवळच्या नात्यातील प्राण्यांचा संकर होऊन पुढची पिढी दुबळी निपजू नये, यासाठी प्रत्येक प्राण्याचे आईबाप कोण हे दाखवणारी वंशनोंदवही ठेवतात आणि तिच्या आधारे जोड्या ठरवतात. नव्याने आलेला प्राणी थेट इतरांत सोडला जात नाही. काही आठवडे त्याला विलगीकरणात, म्हणजे इतरांपासून दूर स्वतंत्र जागी ठेवून त्याची विष्ठा व रक्त तपासले जाते आणि त्याला जंतनाशके दिली जातात.

रोजच्या देखभालीचा सर्वांत मोठा भार प्राणिपालावर, म्हणजे प्राण्याला खाऊ घालणाऱ्या, त्याची जागा झाडणाऱ्या आणि त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यावर असतो. रानातील प्राणी आजार लपवतो, कारण दुबळेपणा उघड होणे तेथे जिवावर बेतते. त्यामुळे कालचे मांस उरले, विष्ठा पातळ झाली, हरीण कळपापासून बाजूला उभे राहिले, अशा बारीक खुणा ज्याला रोजच्या सवयीने दिसतात तोच पशुवैद्यकाला वेळेवर बोलावू शकतो. पूर्वी तपासणीसाठी प्राण्याला बहुधा भूल द्यावी लागे किंवा एका बाजूची भिंत आत सरकवता येणाऱ्या पिंजऱ्यात तो जखडावा लागे. आता अनेक ठिकाणी प्राण्याला आवडीचा घास देऊन पंजा पुढे करणे, तोंड उघडणे, वजनकाट्यावर चढणे शिकवले जाते आणि मधे जाळी ठेवून तपासणी होते. ही पद्धत सावकाश चालते, पण प्राण्याला भीतीपासून वाचवते. म्हणून ती सर्वत्र रूढ व्हायला हवी.

फेब्रुवारी 2020 मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानातून शक्ती व करिश्मा ही वाघांची जोडी राणीच्या बागेत आली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांना वीरा ही मादी पिल्लू झाले. रानात वाघाचे क्षेत्र अनेक चौरस किलोमीटरांचे असते. बंदिवासात ते देणे अशक्य असल्याने पाण्याचे कुंड, चढायला ओंडके, लपायला झुडपे आणि पाहणाऱ्यांपासून दूर जाता येईल असा आडोसा देऊन ती उणीव अंशतः भरून काढावी लागते. वेगळे वास, दडवून ठेवलेले खाद्य, कुरतडायला हाडे अशा उपायांनी प्राण्याच्या मेंदूला व शरीराला काम देण्याला परिसर-समृद्धी म्हणतात. ती नसेल तर प्राणी एकाच रेषेत तासन्‌तास येरझारा घालू लागतो. पाहणाऱ्यांना तो ऐटीत फिरतो आहे असे वाटते, प्रत्यक्षात ते मानसिक ताणाचे लक्षण असते. भारतीय प्राणिसंग्रहालयांत मांसभक्षकांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवण्याची प्रथा आहे, कारण रानातही त्यांना रोज शिकार मिळत नाही. मुंबईच्या उन्हाळ्यात पाण्याचे फवारे आणि फळे घालून गोठवलेल्या बर्फाच्या लाद्या यांचा आधार घेतला जातो.

उद्यानातील सर्वाधिक गर्दीचे आणि सर्वाधिक चर्चिले गेलेले दालन हम्बोल्ट पेंग्विनांचे आहे. जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आठ पेंग्विन आणण्यात आले. त्यांपैकी एक ऑक्टोबरमध्ये दगावला आणि टीकेची झोड उठली. मार्च 2017 मध्ये दालन लोकांसाठी उघडले. ही जात बर्फाळ प्रदेशातील नसून पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरची आहे, तरी मुंबईच्या दमट उकाड्यात ती तगत नाही, म्हणून दालनाचे तापमान 16 ते 18 अंश सेल्सियस ठेवले जाते. दमट, कोंदट हवेत पेंग्विनांच्या फुप्फुसांना बुरशीचा संसर्ग लवकर होतो आणि टणक जमिनीवर सतत उभे राहिल्याने तळपायांना जखमा होतात, त्यामुळे हवा गाळणे आणि जमीन खडबडीत पण मऊ ठेवणे यांना औषधोपचारांइतकेच महत्त्व आहे. गोठवलेल्या माशांतील थायमिन (ब1 जीवनसत्त्व) घटत असल्याने अशा पक्ष्यांना माशाच्या कल्ल्यात जीवनसत्त्वाची गोळी दडवून देण्याचा प्रघात आहे. वर्षातून एकदा त्यांची सगळी पिसे एकदमच गळतात. नवी पिसे येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे ते पाण्यात उतरत नाहीत आणि खातही नाहीत. त्या काळात ते मलूल दिसतात, पण आजारी नसतात, हे पालकांना ठाऊक असले तर मुलांच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देता येते.

15 ऑगस्ट 2018 रोजी येथे अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू, भारतात जन्मलेला पहिला हम्बोल्ट पेंग्विन, आठवडाभरात दगावले. अंड्यातील बलकाची पिशवी पोटात विरघळून न गेल्याने हा मृत्यू झाला. 2021 मध्ये मात्र ओरिओ व ऑस्कर ही पिल्ले जगली, वाढली. बंदिवासातील प्रजनन हे देखभाल जमल्याचे एक लक्षण आहे आणि त्या अर्थाने सुरुवातीच्या टीकेला येथील कर्मचाऱ्यांनी कामाने उत्तर दिले, असे म्हणता येईल. तरीही परदेशी पक्ष्यांवर झालेल्या खर्चाइतकेच लक्ष तरस, कोल्हा, अस्वल या आपल्याच प्राण्यांच्या वाट्याला यायला हवे, हा आक्षेप उरतोच, आणि तो रास्त आहे.

2020 मध्ये येथे पक्ष्यांचे मोठे दालन सुरू झाले. त्यात पाहणारा स्वतः आत शिरून चालतो आणि पक्षी त्याच्या भोवती मोकळे वावरतात. लहान मुलांना पक्ष्यांचा खरा आवाज आणि उडणे जवळून अनुभवण्यासाठी याहून चांगली जागा शहरात क्वचितच सापडेल. तेथे हळू बोलणे एवढी एकच अट पाळावी लागते. सकाळच्या वेळी प्राणी अधिक हालचाल करतात, दुपारी बहुतेक सावलीत पडून असतात. झोपलेल्या प्राण्याला जागे करण्यासाठी काच ठोठावणे, आरोळ्या देणे, खडे मारणे हे प्रकार कायद्याने निषिद्ध आहेत. अधिनियमाच्या कलम 38-जे नुसार प्राण्याला डिवचणे, खाऊ घालणे, गोंगाट करणे किंवा आवारात कचरा टाकणे हा गुन्हा ठरतो. शेंगदाणे वा वेफर्स टाकणाऱ्याचा हेतू प्रेमाचा असला, तरी त्याने मोजून दिलेल्या आहाराचा हिशेब बिघडतो आणि सोबत गेलेली प्लॅस्टिकची पिशवी हरणाच्या पोटात अडकून त्याचा जीव घेऊ शकते. पालकांनी ही गोष्ट प्रवेशद्वारापाशीच मुलांना सांगावी.

2017 मध्ये प्रवेशशुल्क वाढवताना आईवडील व दोन मुले अशा चौघांसाठी 100 रुपयांचे एकत्र तिकीट ठेवण्यात आले. मध्य रेल्वेचे भायखळा स्थानक येथून जवळ आहे. उद्यान बुधवारी बंद असते.