ओळखीच्या गावाचे छायाचित्र

पालममध्ये फोटो काढण्यासारखे आहे तरी काय, हा प्रश्न पाहुणे विचारतात आणि आम्ही पालमकरही एकमेकांना विचारतो. गंगाखेड आणि लोहा यांच्या मधे वसलेले, परभणी जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. काळी जमीन, कापूस, ज्वारी, सोयाबीन. तहसील, बसस्थानक, बाजार, मशीद, मंदिर, शाळा. वेरूळची लेणी इथे नाहीत, बीबी का मकबरा नाही, चारमिनार तर नाहीच. कॅमेरा काढायचा तो बाहेरगावी, गावात काढायचा तो फक्त लग्नात, ही समजूत आमच्या अंगवळणी पडली आहे. ही समजूत आली कुठून, हे इतिहासात शोधले पाहिजे.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानातले सर्वांत नामवंत छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ (१८४४-१९०५). सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. त्यांच्या चित्रांत राजवाडे आहेत, शिकारी आहेत, फौजा आहेत, वेरूळची शिल्पे आहेत. साधी रयतही एके ठिकाणी ठळकपणे दिसते, पण कधी? १८९९-१९०० च्या दुष्काळात, औरंगाबाद जिल्ह्यातील मदतकार्याच्या चित्रांत. दीनदयाळांच्या कलेला यात उणेपणा येत नाही. दरबाराला जे पाहायचे होते ते त्यांनी उत्तम टिपले. मात्र या परंपरेने एक सवय लावली : वैभव असेल तर चित्र, नाहीतर आपत्ती आली तर चित्र. या दोहोंच्या मधले जे रोजचे जगणे, त्याला चौकट नाही.

ही सवय अजून सुटलेली नाही. वर्तमानपत्रात मुसलमान माणूस कधी दिसतो ते आठवून पाहा. ईदच्या नमाजची रांग, नाहीतर दंगल, संचारबंदी, मोर्चा. सायकलचे पंक्चर काढणारा, मुलीला शाळेत सोडणारा, कापसाच्या भावाची चिंता करणारा मुसलमान शेतकरी चित्रात फारसा येत नाही. मग जे दिसत नाही ते नसतेच, असे लोकांना वाटू लागते. म्हणून हा प्रश्न केवळ छंदाचा राहत नाही.

वास्तविक छायाचित्रणाची सुरुवातच ओळखीच्या, साध्या गोष्टींपासून झाली. फ्रान्समध्ये १८२६-२७ च्या सुमारास निसेफोर न्येप्स यांनी घेतलेले, आज टिकून असलेले सर्वांत जुने निसर्गदृश्याचे छायाचित्र कशाचे आहे? त्यांच्याच घराच्या वरच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे आणि भिंतींचे. इंग्लंडच्या फॉक्स टॅलबट यांनी १८३५ मध्ये स्वतःच्या वाड्याची खिडकी टिपली आणि १८४४ मध्ये उघड्या दाराला टेकवलेला एक झाडू. रोजच्या पाहण्यातले विषय घ्यायला हरकत नाही, डच चित्रकारांनी ते केलेच आहे, असे त्यांनी आवर्जून सांगितले.

त्याच्याही आठशे वर्षे आधी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहून काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाजिर' लिहिली. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे त्यांनी केलेले प्रयोग आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच ग्रंथातली दुसरी एक गोष्ट आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. ओळखीची वस्तू दिसली की नजर एखाद-दोन खुणांवरून ती ओळखते आणि पुढे सरकते. वस्तूचे खरे रूप कळायला मात्र थांबून, एकेक भाग न्याहाळत पाहावे लागते. या पाहण्याला त्यांनी 'तअम्मुल' म्हटले आहे. पालममध्ये काही नाही असे आपण म्हणतो तेव्हा हेच घडलेले असते. आपण गाव ओळखलेले असते, पाहिलेले नसते.

थांबून पाहिले तर काय हाती लागते? प्रागचे योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. पुढे नाझी अंमलात बाहेर चित्रे घेणे अवघड झाले, तेव्हा १९४० पासून चौदा वर्षे ते आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीची चित्रे घेत राहिले. काचेवरचे दव, बर्फ, अंगणातले वाकडे झाड. खिडकी तीच, चित्र प्रत्येक वेळी नवे. इतके दूर तरी कशाला जावे? आमच्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी सातशे वर्षांपूर्वी दळण, कांडण, झाडलोट यांतूनच कविता उभी केली.

तेव्हा पालममध्येही जागा एकच ठेवावी, वेळ बदलावी. उन्हाळ्यातल्या दुपारी बाजाराची गल्ली रंग उडाल्यासारखी पांढरी दिसते. तीच सकाळी आडव्या उन्हात पाहावी, म्हणजे भिंतीवरचा प्रत्येक पोपडा उठून येतो. पहिल्या पावसानंतर काळ्या रानाचा रंग पाहावा. रमजानमध्ये सहरीच्या वेळी एकेका खिडकीत लागणारा दिवा पाहावा. सगळी गल्ली चौकटीत कोंबण्यापेक्षा जवळ जावे : शिंप्याचे बोट, चहाच्या टपरीवरची वाफ, मशिदीच्या पायरीवरच्या चपला.

याला घाई आहे, कारण ओळखीचे आहे तेच आधी नाहीसे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातली गावेच्या गावे कोसळली. ज्या दगडमातीच्या घरांना कुणी 'पाहण्यासारखे' म्हटले नव्हते, ती काही क्षणांत गेली. आपल्याकडे भूकंप नको, नवा स्लॅबही पुरतो. माळवदाची घरे, पांढऱ्या मातीच्या भिंती, देवळ्या, अंगणातला रांजण हे सारे मुकाट्याने चालले आहे.

माणसांचेही तेच. आमच्या कितीतरी घरांत दादी-नानीचा एकुलता फोटो म्हणजे हजच्या पासपोर्टसाठी किंवा मतदार ओळखपत्रासाठी काढलेला. कोऱ्या पडद्यासमोर बसलेला ताठ चेहरा. जिने आयुष्यभर भाकरी थापल्या, गोधड्या शिवल्या, नातवंडांना अलिफ-बे शिकवले, तिचे काम कुठेच नाही. चेहरा दाखवायचा नसेल तर तिच्या मर्जीचा मान राखावा. हात आहेत, पानदान आहे, अडकित्ता आहे, शिलाई मशीन आहे. तिला विचारून त्यांचे चित्र घेता येते.

आता घरोघरी मोबाइल आहे, कॅमेऱ्याचा खर्च ही सबब उरलेली नाही. या ईदला नव्या कपड्यांतले फोटो जरूर काढा. पण ईदच्या दुसऱ्या दिवशी, जुन्याच कपड्यांत, आपल्याच गल्लीत थोडा वेळ उभे राहा. जे टिपाल त्यातले थोडे कागदावर छापून घ्या आणि मागे नाव, मोहल्ला, तारीख लिहा. पालममध्ये माणसे कशी राहत होती, असे उद्या कुणी विचारले तर दाखवायला आपल्याजवळ काहीतरी असू द्या.