अकोलाहून की अकोल्याहून?

पूर्णा जंक्शनच्या तिकीट खिडकीवर 'दोन अकोल्याची द्या' म्हणणाऱ्या माणसाला आपण एका नामाचं सामान्यरूप केलं याचा पत्ताही नसतो. परभणीला, नांदेडला, अकोल्याला. इथून फुटणाऱ्या तिन्ही वाटा त्याच्या जिभेवर बिनचूक चालतात. हेच काम ॲपवर सोपवलं की 'अकोलाहून सुटेल' अशी ओळ उमटू शकते. दोष यंत्राला द्यावा, तर त्याला मराठी येतच नाही. अनुवादकाला द्यावा, तर त्याने 'अकोला' हा शब्द पाहिलेलाच नसतो. या चुकीचं मूळ एका फाईलच्या कुळात आहे.

सुरुवातीला प्रोग्रॅमची वाक्यं कोडमध्येच शिवलेली असत. भाषा बदलायची तर शिवण उसवावी लागे. मग युनिक्सवर संदेशांना क्रमांक देऊन त्यांची वेगळी यादी करण्याची पद्धत आली. पण नुसत्या आकड्यावरून वाक्य कसं कळणार? 1990 च्या दशकाच्या आरंभी सन कंपनीच्या 'गेटटेक्स्ट'ने आकडा काढून टाकला आणि इंग्रजी वाक्यालाच किल्ली केलं. 1995 मध्ये उलरिश ड्रेपर यांनी त्याची मुक्त, ग्नू आवृत्ती आणली आणि तिच्यासोबत पीओ फाईल सर्वदूर पोचली.

पीओ फाईल उघडली की जोडओळी दिसतात. वरची 'एमएसजीआयडी', तीत इंग्रजी. खालची 'एमएसजीएसटीआर', ती आपण भरायची. खालची रिकामी राहिली तर पडद्यावर वरची येते. अर्धा मेनू मराठी आणि अर्धा इंग्रजी दिसतो, तो यामुळे. मूळ इंग्रजी थोडं बदललं, तर जुन्या अनुवादावर 'फझी' असा शिक्का बसतो: पुन्हा तपासा. पोएडिट, पूटल, वेबलेट ही पुढची साधनं म्हणजे याच जोडओळींना दिलेली सोयीची खिडकी.

मराठी या फाईलपर्यंत पोचायला आधी अक्षरांचा रस्ता सरळ व्हावा लागला. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती, पण डीटीपीवाल्यांचा प्रत्येक फॉन्ट आपल्याच रुळावर धावे. एकातला मजकूर दुसऱ्यात नेला की अक्षरांचा चिवडा. पूर्णेकरांना हे वेगळं सांगायला नको. अकोल्याची मीटरगेज 2008 मध्ये रुंद होईपर्यंत गाडी बदलल्यावाचून त्यांचीही सुटका नव्हती. 2000 च्या सुमारास मुंबईतल्या इंडलिनक्सच्या मंडळींनी भारतीय भाषांतला लिनक्स हाती घेतला. पण एकाच आज्ञेला एका प्रोग्रॅममध्ये 'पुसा', दुसऱ्यात 'काढा', तिसऱ्यात 'नष्ट करा' म्हटलं जाऊ लागलं. नेहमीच्या संज्ञा बसून ठरवण्यासाठी 2008 मध्ये रेड हॅटमधून 'फ्यूएल' हा प्रकल्प निघाला.

शब्द ठरले, तरी मोकळी जागा उरलीच. वाक्यात नाव पुढे भरायचं असेल तिथे टक्क्याचं चिन्ह आणि 'एस' हे अक्षर असतं. इंग्रजीत 'फ्रॉम' लिहून पुढे ही खूण ठेवली की काम झालं, कारण नाव जसंच्या तसं बसतं. मराठीत प्रत्यय नावाला चिकटतो आणि चिकटताना नावालाच वाकवतो. पोलिशसारख्या भाषांना अनेकवचनाची एकाहून अधिक रूपं लागतात, म्हणून गेटटेक्स्टमध्ये त्यांच्यासाठी जादा ओळी आल्या. सामान्यरूपासाठी तशी ओळ नाही. मोझिलाच्या 'फ्लुएंट'ने 2019 मधल्या पहिल्या पक्क्या आवृत्तीत ठरावीक नावांची विभक्तीनुसार रूपं लिहून ठेवायची सोय दिली. पण वापरणाऱ्याने टाईप केलेल्या गावाचं रूप अगोदर कोण लिहून ठेवणार?

म्हणून मुरलेला अनुवादक प्रत्यय नावाला लावतच नाही. मोकळ्या जागेपुढे एक जागा सोडून तो 'येथून' लिहितो. मग अकोला येवो, पुणे येवो की पूर्णा, वाक्य मोडत नाही. ही युक्ती त्याला कुठल्या साधनाने शिकवलेली नाही. लग्नपत्रिकेचा छापील नमुना पुढ्यात ठेवून नुसतं गाव बदलणारा कंपोझिटर 'मु. पो. पूर्णा येथे' असंच जुळवत आला आहे.