महाडची निळी रेषा आणि लाल रेषा

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमापाशी महाड वाढले ते व्यापारामुळे. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते माल आणीत आणि तो पुढे घाटवाटांनी देशावर चढे. नदीकाठ हीच तेव्हा गावातली सर्वांत मोलाची जागा होती. आज ती दोन पूररेषांत अडकली आहे.

या रेषांचा उगम पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकात आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत घराला मनाई. निळ्या-लाल रेषांमध्ये बांधकामाला मुभा आहे, पण डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीनुसार जोते लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर उंच हवे.

या अटीचा खरा अर्थ खर्चात कळतो. लाल रेषा रस्त्याहून पुरुषभर उंच असेल, तर तळमजला म्हणजे नुसते खांब. गुंठ्या-दोन गुंठ्यांवर बैठे घर बांधणाऱ्याला हा भार एकट्याने उचलावा लागतो. बहुमजली इमारतीत तो वीस सदनिकांत वाटला जातो. त्यामुळे छोटा मालक जुन्याच घराची डागडुजी करीत राहतो, म्हणजे नियमाला ज्याला वाचवायचे तोच पाण्यात राहतो. नियम अनाठायी मात्र नव्हे. जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ कशी बुडाली, हे साऱ्यांनी पाहिले आहे.

मग डोंगराकडे सरकावे? जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडींनी दीडशेहून अधिक बळी घेतले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाडले गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे गेली. खाली पूर, वर दरड. मधल्या सुरक्षित जमिनीला भाव चढणारच.

नगररचनेचे काम केवळ मनाई करण्याचे नव्हते. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या कायद्याने नगररचना योजना आणली: विखुरलेल्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-गटारे आखायची आणि बांधण्याजोगे भूखंड मालकांना परत द्यायचे. १९६६ च्या कायद्यानेही ती तरतूद राखली. तरी महाराष्ट्रात, गुजरातच्या तुलनेत, हा मार्ग मागे पडला. रेषा आखणे स्वस्त असते; भूखंड तयार करायला पैसा आणि चिकाटी लागते.

तळियेकरांसाठी नवी जागा शोधली गेली, म्हाडाकडे घरांचे काम आले. पण ते सारे ऐंशीहून अधिक माणसे गेल्यावर. आणि घरे उभी राहीपर्यंत मागे राहिलेल्यांनी कंटेनरमध्ये पावसाळे काढले.