कार्ब्युरेटर ट्यूनिंग (मोटरसायकल)

मोटरसायकलच्या इंजिनात शिरणारी हवा आणि तिच्यात मिसळणारे पेट्रोल यांचे प्रमाण जेट, निडल, स्लाइड आणि स्क्रू यांच्या साह्याने जुळवण्याचे काम. पिकअप, ॲव्हरेज, वेग आणि सायलेन्सरचा धूर या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. मोठा जेट टाकला की गाडी पळते, हा समज गॅरेजांत पक्का रुजलेला आहे, पण तो अर्धवट आहे. इंजिनाची ताकद त्याने ओढलेल्या हवेवर ठरते आणि कार्ब्युरेटर त्या हवेला पुरेल एवढे पेट्रोल देतो. हवा तेवढीच ठेवून नुसता जेट वाढवला, तर वाढतो तो धूर आणि पेट्रोलचा खर्च.

कार्ब्युरेटरचा गळा मध्ये अरुंद असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने जेटच्या बारीक भोकातून वर येते. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी हा परिणाम १७९७ मध्ये मांडला. पुढे १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख आणि बुडापेस्टमध्ये बांकी व चोंका यांनी त्यावर पेट्रोलचा फवारा उडवणारे कार्ब्युरेटर घडवले.

या गळ्यातून किती हवा आणि पेट्रोल जाते, याचा अंदाज यामाहा आरएक्स १०० वरून येतो. १९८५ मध्ये भारतात आलेली आणि १९९६ पर्यंत तयार झालेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी ७,५०० आरपीएमला सुमारे ११ अश्वशक्ती देते. प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर पूर्ण भरतो असे धरले, तर ती मिनिटाला ७३५ लिटर हवा ओढेल. एवढ्या हवेला लागणारे पेट्रोल मात्र शंभर मिलिलिटरच्याही आतच असते. दोन्हींची गाठ जेमतेम २० मिलिमीटरच्या गळ्यात पडते. जेटच्या भोकातला केसभर फरक ॲक्सिलरेटरच्या मुठीला का जाणवतो, हे या आकड्यांवरून कळते.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. सर्वाधिक ताकद मात्र साडेबारा ते तेराच्या आसपास, म्हणजे थोड्या ‘रिच’ (पेट्रोल जास्त असलेल्या) मिश्रणावर मिळते. ॲव्हरेजसाठी ते थोडे ‘लीन’ (पेट्रोल कमी असलेले) हवे. कारखान्यातून आलेली मांडणी ही ताकद, ॲव्हरेज आणि प्रदूषणाचे नियम यांच्यातली तडजोड असते. ट्यूनिंग करणारा तीच तडजोड एका बाजूला सरकवतो. चमत्काराला इथे फारशी जागा नाही.

खरी कसोटी तक्रार नेमकी किती मुठीवर येते, हे ओळखण्यात आहे. मूठ थेट स्लाइड उचलते अशा साध्या कार्ब्युरेटरमध्ये, उदाहरणार्थ जुन्या बुलेटवरच्या मिककार्बमध्ये, मुठीच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या भागाचा अंमल असतो. आयडलिंगपासून साधारण एक अष्टमांश मुठीपर्यंत स्लो जेट आणि एअर स्क्रू. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप; काप जितका मोठा तितके मिश्रण लीन. पाव ते पाऊण मुठीपर्यंत निडल आणि ती ज्यात वरखाली होते तो निडल जेट. निडलवरची क्लिप एक खाच खाली लावली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते. मेन जेटचे राज्य पाऊण मुठीनंतर सुरू होते. या हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण शहरात चाळीसच्या वेगाने अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलणे वाया जाते, कारण तेवढ्या मुठीवर त्याचा जवळपास संबंधच येत नाही.

स्क्रूच्या बाबतीतही हमखास घोळ होतो. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा नियंत्रित करतो, म्हणून बाहेर काढल्यावर मिश्रण लीन होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो आणि बाहेर काढल्यावर मिश्रण रिच होते. जेटच्या नंबरांचेही तसेच. मिकुनी आणि केहिन या जपानी कंपन्यांची मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने एकीचा शंभर नंबर दुसरीच्या शंभराबरोबर जुळतोच असे नाही.

मात्र ट्यूनिंगसाठी येणाऱ्या कित्येक गाड्यांना ट्यूनिंगची गरजच नसते. तडा गेलेले मॅनिफोल्डचे रबर बाहेरची हवा आत घेते आणि आयडलिंग आपोआप वरखाली होते. झिजलेला निडल जेट ॲव्हरेज खातो, फ्लोटची उंची बिघडली की पेट्रोल ओव्हरफ्लो होते आणि चोंदलेला फिल्टर गाडीला कायम अर्ध्या चोकवर ठेवतो. हे दुरुस्त करण्याआधी जेटचा डबा उघडणारा मेकॅनिक नव्या चुकीने जुनी चूक झाकतो.

हवेच्या वाटेत केलेला कोणताही बदल कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. तरुणांचा आवडता उद्योग म्हणजे फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर बसवणे. त्याने आवाज भरदार होतो आणि वरच्या आरपीएमला थोडी जास्त हवाही मिळते. पण डब्याचे आकारमान आणि नळीची लांबी इंजिनाच्या श्वासाशी जुळवून ठरवलेली असते. ती गेली की खालचा जोर उतरतो, मिश्रण लीन होते आणि मेन जेट वाढवावाच लागतो. फिल्टर हलक्या प्रतीचा असेल तर उन्हाळ्यातल्या कच्च्या रस्त्याची धूळ पिस्टनच्या रिंगा वेळेआधीच झिजवते. मोठ्या गळ्याचा कार्ब्युरेटर बसवण्यातही अशीच मेख आहे: कमी आरपीएमला त्यातली हवा संथ वाहते, पेट्रोल नीट ओढले जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी गुदमरते.

टू-स्ट्रोकमध्ये मागचा सायलेन्सरही हवेच्या हिशेबात धरावा लागतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पोट फुगलेल्या सायलेन्सरमधल्या दाबलहरी नेमक्या वेळी परत पाठवून बाहेर निसटणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये रेटले. १९६१ मध्ये त्यांचे १२५ सीसीचे इंजिन २५ अश्वशक्ती देत होते. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, हे ज्ञान घेऊन सुझुकीत गेला आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. शर्यतीच्या जगात सायलेन्सरच्या मापांना केवढी किंमत होती, ते यावरून दिसते.

निदानासाठी पारंपरिक साधन म्हणजे स्पार्क प्लग. बिस्किटासारखा तपकिरी रंग ठीक, काजळी रिच, पांढरटपणा लीन. शिसेविरहित पेट्रोलवर हा रंग फिका उमटतो. शिवाय आयडलिंगवर चालत आलेल्या गाडीचा प्लग पाहून मेन जेटचा निवाडा करणे व्यर्थ आहे. त्यासाठी बंदिस्त ट्रॅकवर पूर्ण मुठीने गाडी चालवून, इग्निशन बंद करून, क्लच दाबून थांबावे आणि तिथेच प्लग काढावा. शंका आली तर रिच बाजूने सुरुवात करून हळूहळू खाली यावे. रिच गाडी फार तर प्लग काळा करते. लीन टू-स्ट्रोक तापून पिस्टन जाम करते. जुन्या राजदूत, येझदीसारख्या ज्या गाड्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यांत लहान जेटने ऑईलही कमी पोचते, म्हणजे धोका दुहेरी.

उंचीचा परिणाम हिशेबाने काढता येतो. लेहच्या ३,५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असते. पेट्रोल मात्र त्या मानाने कमी घटते. मुंबईत १३ पट हवेवर चालणारी गाडी तिथे ११ च्या खाली येते, धूर सोडते, खोकते. लहान जेटने ती सुरळीत होते, पण हवेबरोबर गेलेली ताकद परत येत नाही. पुण्याच्या ५६० मीटरवर मिश्रणातला हा फरक तीन टक्क्यांच्या आत राहतो. तेव्हा बोरघाट चढण्यासाठी जेट बदलायचे कारण नाही.

नंतरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांवरचा व्हॅक्यूमचा कार्ब्युरेटर या बाबतीत थोडा सोशिक असतो. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० वर असा २९ मिलिमीटरचा कार्ब्युरेटर होता. त्यात मूठ फक्त झडप उघडते आणि स्लाइड व्हॅक्यूमवर, रबरी डायफ्रॅमच्या साह्याने उचलली जाते. डायफ्रॅमला छोटे भोक पडले तरी गाडी वेग घेईनाशी होते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींवर कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. जुन्या गाड्यांना पीयूसीची चाचणी चुकत नाही. मार्च २००० नंतर बनलेल्या, बीएस ४ पूर्वीच्या दुचाकींना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो; इथे स्लो जेट आणि स्क्रूचे काम थेट कागदावर उतरते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे फेरफार करू देत नाही.

अलीकडचा नवा मुद्दा इंधनाचा आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्याने या मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा पट हवा पुरते. त्यामुळे जुन्या पेट्रोलवर बसवलेली गाडी सात-आठ टक्क्यांनी लीन चालते. उपाय म्हणून बहुधा मेन जेट एक-दोन नंबरांनी वाढवतात आणि निडल एक खाच उचलतात. जुने रबरी सील आणि नळ्या इथेनॉलने फुगतात, म्हणून तेही बदलावे लागतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. त्यामुळे गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून ते रिकामे करून ठेवतात.