लपविलेलें शब्दांधत्व

इतिहासकाराची सारी भिस्त कागदावर असते. पत्रें, दप्तरें, रोजनिशा ज्यांनीं मागें ठेविल्या, त्यांचा इतिहास आम्ही लिहितों. ज्यांनीं ठेविल्या नाहींत ते आमच्या हातून निसटतात. बुद्धींत कसलेंहि न्यून नसतां केवळ अक्षरांशींच ज्यांचें जुळत नाहीं, अशीं माणसें तर दुहेरी निसटतात. एक तर तीं फारसें लिहीत नाहींत. आणि दुसरें, आपली ही अडचण कोणास कळूं नये म्हणून तीं जन्मभर झटतात. ज्याची लपवणूक साधली त्याची नोंद कोठेंच सांपडत नाहीं. आज ज्याला ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात त्या शब्दांधत्वाचा उपलब्ध इतिहास हा म्हणूनच बहुतांशीं पकडल्या गेलेल्यांचा इतिहास आहे.

न वाचतां येणें ही सर्व काळीं शरमेची गोष्ट नव्हती. अकबर बादशहा निरक्षर होता हें त्याचा पुत्र जहांगीर यानेंच आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. अबुल फजल सांगतो कीं, बादशहापुढें रोज ग्रंथ वाचले जात; वाचन जेथें थांबे तेथें तो स्वतः खूण करी, आणि वाचलेल्या पानांच्या हिशेबानें वाचणारास द्रव्य देई. अकबराच्या निरक्षरतेचें कारण काय, याचा तर्क करण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, त्याला कांहीं लपवावें लागलें नाहीं. वाचणारा पदरीं ठेवतां येत होता, आणि भोंवतालचें बहुतेक जगहि निरक्षरच होतें.

ही स्थिति पालटली ती सक्तीच्या शिक्षणानें. स्कॉटलंडांत १८७२ च्या आणि इंग्लंडांत १८८० च्या कायद्यानें मुलांस शाळेंत जाणें भाग पडलें. हा लाभ मोठाच. पण त्याबरोबर प्रत्येक मुलावर चारचौघांत उभें राहून मोठ्यानें वाचण्याची पाळी आली, आणि वाचतां न येणें हें आळसाचें किंवा मंदबुद्धीचें लक्षण ठरलें. डॉक्टरांच्या लेखांत अशीं मुलें दिसूं लागतात तीं याच पिढींत. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रवैद्य रुडोल्फ बर्लिन याचा. परंतु त्याच्यापुढें होते ते मेंदूच्या विकारानें वाचनशक्ति गमावलेले प्रौढ. जन्मजात शब्दांधत्वाची प्रसिद्ध हकीकत ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनीं छापली. पर्सी नांवाचा हा मुलगा १४ वर्षांचा. सातव्या वर्षापासून त्याला शिकविणें चालूं होतें. ७४९ ला ८६७ नें गुणण्याचें उदाहरण त्यानें झटपट आणि अचूक सोडविलें. मात्र स्वतःचें नांव लिहितांना त्यानें ‘पर्सी’च्या जागीं ‘प्रेसी’ लिहिलें, आणि एकाहून अधिक वेळां दाखवून दिल्याखेरीज ती चूक त्याच्या ध्यानांत आली नाहीं. सारें शिक्षण तोंडी असतें तर हाच शाळेंतील सर्वांत हुषार मुलगा ठरता, असें त्याचे मास्तर म्हणत.

पर्सीला लपवितां आलें नाहीं. त्याच सुमारास ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनीं ज्याची हकीकत लिहिली, त्या दुसऱ्या एका मुलास तें बराच काळ साधलें. त्याची स्मरणशक्ति इतकी तीव्र कीं, पहिलें वाचनपुस्तक त्यानें सबंध पाठ केलें होतें. त्याची पाळी आली कीं तो धडा घडाघडा म्हणे. समोरच्या पानावरील शब्द मात्र त्याला वाचतां येत नव्हते. शाळेच्या हें बऱ्याच उशिरां लक्ष्यांत आलें. ह्या चार ओळींत आम्हांस लपवणुकीचा सारा व्यवहार दिसतो. इतर मुलें एक धडा वाचीत. हा एक धडा न वाचण्यासाठीं सबंध पुस्तक पाठ करी. आणि एवढ्या श्रमाचें फळ काय, तर उद्यां पुन्हां तेंच भय. पुढच्या इयत्तेंत पुस्तक मोठें होतें, पाठांतर अपुरें पडतें. मग चष्मा घरीं विसरतो, हात दुखतो, वर्गांत खोड्या कराव्याशा वाटतात. ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षां ‘द्वाड’ म्हणवून घेणें मुलास अधिक मानाचें वाटतें.

ही धास्ती मोठेपणींहि सुटत नाहीं. ग्लासगोच्याच परिसरांत वाढलेला जॅकी स्टुअर्ट मोटारींच्या शर्यतींत १९६९, १९७१ आणि १९७३ असा तीन वेळां जगज्जेता झाला. पंधराव्या वर्षीं शाळा सोडलेल्या ह्या माणसास आपल्या अडचणीचें नांव कळलें तें १९८० मध्यें, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं. तेंहि मुलाची तपासणी झाली म्हणून. वर्गांत वाचतांना झालेली फजिती आणि आपण मूर्खच आहों हा समज, याविषयीं तो पुढें उघडपणें बोलत आला आहे. जगज्जेतेपदानेंहि जो समज पुसला गेला नाहीं, त्याचें मूळ किती खोल असेल! लपविणाराचें दुःख येथेंच आहे: शाबासकी मिळते ती मुखवट्यास, आणि मुखवट्याआडचा माणूस उपाशीच राहतो.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनें १९९६ मध्यें अशा विद्यार्थ्यांस परीक्षेंत सवलती दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ही अडचण देशभर मान्य झाली. तथापि सवलतीस दाखला लागतो, आणि दाखल्यास आधीं कबुली लागते. ज्याला कबुलीचेंच भय, त्याच्या दारीं कायदा पोंचत नाहीं. तेथें शिक्षकाची नजरच पोंचली पाहिजे.

आमची पोंचली नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक विद्यार्थी होता. चर्चेंत त्याचीं उत्तरें सर्वांत नेमकीं. पण उतारा वाचावयास सांगितला कीं त्याचा चष्मा हटकून विसरलेला. एके दिवशीं आम्हीं विनोदानें आमचाच चष्मा त्याच्यापुढें धरला. वर्ग हंसला, तोहि हंसला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाहीं. आम्हीं त्यास उद्धट ठरवून विषय मिटविला. हिन्शेलवुडची ती हकीकत पुढें कित्येक वर्षांनीं वाचली, तेव्हां तो एकाएकीं डोळ्यांपुढें उभा राहिला. त्याची अडचण हीच होती किंवा कसें, हें विचारण्याची संधि आम्हींच दवडली होती. त्या वर्षाच्या हजेरीपत्रकांत त्याच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणांची एक लांब ओळ आहे. इतिहासाचें साधन म्हणून आमच्यापाशीं तेवढाच कागद आहे.