कंपावर कंपाचा उतारा

काही महिन्यांपूर्वी पुण्यात नोकरी करणाऱ्या एका परिचितांनी आम्हांस एक प्रश्न केला. त्यांचे वडील धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळच्या एका गावी राहतात. त्यांना पार्किन्सनचा आजार जडून काही वर्षे झाली. हात थरथरतो, सदऱ्याची गुंडी लावण्यास दहा मिनिटे लागतात, उंबऱ्यापाशी आले की पाय जागच्या जागी खिळतात. चिरंजीवांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. तीत एका रुग्णाच्या अंगावर कंप पावणारे छोटेसे यंत्र बसवताच त्याची चाल सुधारते, असे दाखवले होते. यंत्राची किंमत वडिलांच्या वर्षभराच्या औषधखर्चाहून अधिक होती. "घ्यावे का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आम्ही वैद्य नव्हे. औषधोपचार सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु या प्रश्नाला सुमारे १३० वर्षांचा इतिहास आहे आणि तो ठाऊक असल्यास निर्णय घेणे सोपे जाते, असे आमचे मत आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आजार आपल्याकडे नवा नाही. आयुर्वेदात त्याला कंपवात म्हणतात, आणि वातविकारांवर कपिकच्छूचे बी वापरण्याची परंपरा जुनी आहे. कपिकच्छू म्हणजे आपली खाजकुइली. जिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार होतो, तीच. १९३७ साली मद्रास येथे दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे केले. ते या आजाराचे औषध ठरेल याची तेव्हा कोणास कल्पना नव्हती. ते १९६० च्या दशकात सिद्ध झाले, आणि आजही लेव्होडोपा हेच या रोगावरील मुख्य औषध आहे. (म्हणून कोणी घरच्या घरी बियांचे चूर्ण घेऊ नये. बियांतील द्रव्याचे प्रमाण कमीजास्त असते आणि गोळ्यांबरोबर घेतल्यास मात्रा बिघडते.)

युरोपात लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली या रोगावर पहिला निबंध लिहिला. त्याने वर्णिलेले रुग्ण केवळ सहा, आणि त्यांतील काही तर त्याने रस्त्यावर चालताना पाहिलेले. रोगाला पार्किन्सनचे नाव देण्याचे श्रेय मात्र पॅरिसच्या ज्याँ-मार्तँ शार्को याच्याकडे जाते. साल्पेट्रिएर या प्रचंड रुग्णालयात शेकडो रुग्ण पाहून त्याने दाखवून दिले, की कंप सर्वांनाच असतो असे नाही आणि स्नायूंची शक्तीही फारशी जात नाही. म्हणून 'कंप पावणारा पक्षाघात' हे जुने नाव चुकीचे आहे. शार्कोची कीर्ती त्याच्या निरीक्षणशक्तीवर उभी होती, आणि आपली गोष्ट त्याच्या एका निरीक्षणापासूनच सुरू होते.

दूरवरून आगगाडीने किंवा घोडागाडीने येणारे रुग्ण शार्कोला एक विलक्षण गोष्ट सांगत. प्रवासात अंगाचा ताठरपणा आणि अस्वस्थता कमी होते, गाडीतून उतरल्यावरही काही काळ बरे वाटते. रस्ता जितका खडबडीत, तितका आराम अधिक! इतर कोणी हे हसण्यावारी नेले असते. शार्कोने ते मनावर घेतले आणि विजेच्या मोटारीवर वेगाने हादरणारी एक खुर्ची तयार करवून घेतली. रुग्णाने रोज अर्धा तास तीत बसायचे. काही बैठकांनंतर रुग्ण सांगत, की अंग हलके वाटते, झोप चांगली लागते. कंप मात्र फारसा बदलत नसे. १८९२ साली शार्कोने या 'कंपचिकित्से'वर व्याख्यान दिले. त्याचा शिष्य जिल द ला तूरेत याने तर अर्धशिशीसाठी डोक्यावर घालायचे हादरणारे शिरस्त्राणही बनवले. अंगावर चढवायच्या आजच्या यंत्रांचा हा पणजोबाच म्हणायचा.

शार्कोच्या रुग्णांचा तो प्रवास डोळ्यांसमोर आणण्यास धाराशिवकरांना पॅरिसला जाण्याची गरज नाही. शार्कोच्या व्याख्यानानंतर पाच वर्षांनी, १८९७ साली, बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची रेल्वे सुरू झाली, आणि १९११ पर्यंत ती निजामाच्या मुलखातून लातूरला पोहोचली. येडशी, ढोकी करीत अरुंद रुळांवरून रमतगमत जाणारी ती गाडी २००७-०८ मधील रुंदीकरणापर्यंत जिल्ह्यातील लोकांनी पाहिली आहे. त्या डब्यात पार्किन्सनचा एखादा रुग्ण बसला आहे अशी कल्पना करू. त्याला बरे का वाटावे? डबा हादरतो म्हणून? की दोन-चार तास त्याला उठावे, वळावे, चालावे लागत नाही म्हणून? चाकांच्या एकसुरी तालामुळे? की मोठ्या डॉक्टरकडे निघालो आहोत, आता काहीतरी इलाज होईल, या आशेमुळे?

आमच्या मते या इतिहासाचे मर्म नेमके येथे आहे. निरीक्षण खरे होते. रुग्ण खोटे बोलत नव्हते. परंतु एका खऱ्या आरामामागे चार संभाव्य कारणे होती, आणि शार्कोने त्यांतील एक निवडून त्याचे यंत्र केले. तीच खुर्ची न हादरवता रुग्णांना अर्धा तास बसवून पाहावे, हे त्या काळी घडले नाही. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, शार्को वारला आणि खुर्ची अडगळीत गेली.

ती तुलना व्हायला १२० वर्षे जावी लागली. शिकागो येथील रश विद्यापीठातील संशोधकांनी शार्कोचा प्रयोग नव्याने करून २०१२ साली प्रसिद्ध केला. एकूण २३ रुग्ण घेतले. काहींना हादरणाऱ्या खुर्चीत, काहींना तशाच पण न हादरणाऱ्या खुर्चीत सुमारे महिनाभर रोज अर्धा तास बसवले. दोन्हीकडे निसर्गातले शांतवणारे आवाज ऐकवले. निष्कर्ष असा, की दोन्ही गटांतील रुग्ण सुधारले आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे आराम खरा, पण त्याचे श्रेय हादऱ्यांना देता येईना.

यावर कोणी म्हणेल, की मग तो सगळा मनाचा खेळ. हे म्हणणे या रोगापुरते तरी अपुरे आहे. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडल्याने पार्किन्सनची बरीचशी लक्षणे उद्भवतात. २००१ साली व्हँकूव्हर येथील संशोधकांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवले, की औषध मिळणार या अपेक्षेने रुग्णाला निव्वळ मिठाचे पाणी टोचले तरी त्याच्या मेंदूत खरोखर डोपामिन स्रवते. म्हणजे ज्या रोगात डोपामिनचाच तुटवडा, त्या रोगात आशा हीच काही काळ औषधासारखी वागते. म्हणूनच या रोगावरील कोणतेही नवे यंत्र पहिल्या दिवशी चमत्कार करू शकते, आणि म्हणूनच पहिल्या दिवसाची चित्रफीत पुरावा ठरत नाही.

आता नव्या यंत्रांकडे वळू. २०१६ साली मायक्रोसॉफ्टमधील हाययान झांग यांनी एमा लॉटन या तरुण ग्राफिक डिझाइनरसाठी मनगटावर कंप पावणारे घड्याळ बनवले. ते बांधताच एमा यांना स्वतःचे नाव सुवाच्य लिहिता आले, आणि तो प्रसंग जगभर पाहिला गेला. परंतु ते एका व्यक्तीसाठी केलेले यंत्र होते. बाजारात आले नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात पीटर टास आणि सहकाऱ्यांनी हातमोजे तयार केले. त्यांची कल्पना अशी, की या रोगात मेंदूतील काही पेशीसमूह एकाच वेळी, एकाच तालात धडधडू लागतात. बोटांच्या टोकांना ठरावीक क्रम बदलत कंप दिला तर हा अनिष्ट ताल मोडेल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उत्साहवर्धक होते, पण रुग्ण मोजकेच होते आणि तुलनेसाठी खोट्या यंत्राचा गट नव्हता. इंग्लंडमध्ये छातीच्या मधल्या हाडावर चिकटवायचे यंत्र निघाले आहे. ते करणाऱ्या 'चार्को' कंपनीने तर नावच शार्कोवरून घेतले आहे.

या यंत्रांना शार्कोच्या खुर्चीच्या तराजूत सरसकट तोलणे अन्यायाचे होईल. खुर्ची सगळे अंग हलवीत असे. ही यंत्रे त्वचेद्वारे मेंदूला नेमका संदेश देऊ पाहतात. त्यांमागचे तर्क निराधार नाहीत. परंतु एक अडचण आजही तीच आहे. खोटी गोळी खऱ्या गोळीसारखी दिसू शकते, पण खोटा कंप खऱ्यासारखा कसा करावा? यंत्र कंप पावते की नाही हे रुग्णाला कळतेच.

या तर्कांपैकी एकाचा पाया बराच भक्कम आहे, आणि तो समजून घेण्यास यंत्रही लागत नाही. सपाट जमिनीवर खिळलेल्या रुग्णाला बाहेरून खूण मिळाली की तो चालू लागतो. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या की रुग्ण त्या ओलांडत सहज चालतो, हे इंग्रज डॉक्टर पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालीच लिहून ठेवले. आतून येणारी चालण्याची आज्ञा अडखळते, तेव्हा नजरेची, कानाची किंवा स्पर्शाची खूण तिची जागा घेते. कंप पावणारे यंत्र ही स्पर्शाची खूण असू शकते.

याच तत्त्वाचे एक उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. मूळच्या पुण्याच्या डिझाइनर मिलेहा सोनेजी यांच्या काकांना पार्किन्सनचा आजार होता. सपाट जमिनीवर त्यांना आधार घेऊन कष्टाने चालावे लागे, पण जिना ते सहज उतरत. हे पाहून सोनेजी यांनी जमिनीवर जिन्याचा आभास होईल असे चित्र पसरले, आणि काका त्यावरून न अडखळता चालत गेले. २०१५ साली डेल्फ्ट येथील भाषणात त्यांनी हे जगापुढे मांडले. शार्कोप्रमाणेच येथेही रुग्णाचे निरीक्षण आहे. फरक असा, की सोनेजी यांच्या युक्तीची परीक्षा जागच्या जागी होते: चित्र पसरा, चित्र गुंडाळा, काय होते ते पाहा. तुळजापुरात संबळाच्या तालावर पावले पडताना ज्याने पाहिली आहेत, त्याला बाहेरचा ताल पायांना काय करू शकतो हे वेगळे सांगावयास नको.

असो. आता मूळ प्रश्नाकडे. पुण्या-मुंबईच्या रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञ जवळ असतो, व्यायामवर्ग असतो, पार्किन्सन्स मित्रमंडळासारखा स्वमदत गट असतो, डॉ. बी. एस. सिंघल यांनी २००१ साली मुंबईत स्थापन केलेल्या संस्थेसारखा आधार असतो. येडशीच्या रुग्णाला मोठ्या डॉक्टरसाठी सोलापूर गाठावे लागते. जेथे माणसांची मदत दूर असते तेथे यंत्राचा मोह अधिक होतो, आणि फसगत झाल्यास नुकसानही तेथेच अधिक होते. एका हंगामाची शिल्लक यंत्रात गेली आणि त्यापायी गोळ्या चुकल्या, तर ते आरामाचे साधन न राहता रोगाचा साथीदार ठरेल.

म्हणून आम्ही परिचितांना इतकेच सांगितले. प्रथम सोलापूरला दाखवून गोळ्यांच्या वेळा नक्की करा आणि त्या घड्याळाबरहुकूम पाळा. उंबऱ्यापासून अंगणापर्यंत पावलाच्या अंतराने चुन्याचे आडवे पट्टे ओढा; खर्च काहीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. एवढे करूनही यंत्र घ्यावेसे वाटले, तर महिन्याभरात परत घेणारा विक्रेता शोधा आणि जे शार्कोकडून राहिले ते तुम्ही करा. काही दिवस यंत्र चालू, काही दिवस बंद. गुंड्या लावण्यास आणि अंगण ओलांडण्यास किती मिनिटे लागली ते रोज वहीत लिहा. औषधाची वेळ दोन्ही वेळा सारखी ठेवा. महिनाअखेर वही वाचा.

या उपायाने आशेचा प्रभाव पुरता वगळता येणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण पहिल्या आठवड्याचा आनंद आणि चौथ्या आठवड्याचा आकडा एकाच पानावर दिसतील.

परिचितांनी यंत्र अद्याप घेतलेले नाही. चुन्याचे पट्टे मात्र ओढले आहेत. पावसाने पुसले की नातू पुन्हा ओढतो. आजोबा अंगणापर्यंत किती वेळात जातात, हे लिहिण्याचे कामही त्यानेच आपल्याकडे घेतले आहे.