खिळ्याखाली राहिलेला खाकी कागद



तारकर्ली असो, कर्नाटकातलं नेत्राणी असो की अंदमानातलं स्वराज द्वीप, स्कूबा डायव्हिंग करून आलेली मंडळी किनाऱ्यावर फोटो काढत असतात, तेव्हा मागे एक काम निमूटपणे चाललेलं असतं. कोणीतरी एकेक सिलिंडर गोड्या पाण्याने धूत असतो. कामावर नवा आलेला मुलगा हमखास विचारतो, "इतकं धुवायचं कशाला? ॲल्युमिनियमला कुठे गंज चढतो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र अडीचशे वर्षं जुन्या एका जहाजाच्या बुडाशी सापडतं. आज त्या जहाजाकडे जाऊ.

अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराला दोन गोष्टींनी हैराण केलं होतं. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे जहाजाच्या तळाची चाळण करत. शिवाय तळाला शेवाळ आणि कवचाचे जीव चिकटून जहाजाचा वेग मंदावत असे. उपाय म्हणून 'अलार्म' नावाच्या 32 तोफांच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचा पातळ पत्रा ठोकण्यात आला आणि तिला वेस्ट इंडीजकडे पाठवलं. तांब्याने आपलं काम चोख केलं. किडे आत शिरले नाहीत, तळही स्वच्छ राहिला.

पण 1763 मध्ये तपासणी झाली तेव्हा बरेच पत्रे सुटलेले आढळले. पत्रे ठोकायला वापरलेले लोखंडी खिळे पार कुजून गेले होते. आणि आता गंमत बघा. काही खिळे मात्र बऱ्यापैकी शाबूत होते. का? तांब्याचे पत्रे गोदीत आले ते खाकी कागदात गुंडाळून. कामगारांनी तो कागद सगळीकडे काढला नव्हता. जिथे खिळ्याच्या डोक्याखाली कागदाचा तुकडा अडकून राहिला, तिथे लोखंड आणि तांबं एकमेकांना टेकले नाहीत आणि तो खिळा वाचला. म्हणजे कोणाच्या तरी आळसाने एक मोठा शोध लावला! अहवालातून निघालेला धडा स्पष्ट होता: समुद्राच्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकू देऊ नका.

वर्ष लक्षात ठेवा, 1763. बेडकाच्या तंगडीवरच्या प्रयोगांचं गॅल्व्हानीचं लेखन आलं 1791 मध्ये, आणि व्होल्टाने आपली पहिली बॅटरी जगापुढे मांडली 1800 मध्ये. म्हणजे ज्या क्रियेला आज गॅल्व्हानीचं नाव आहे, ती गोदीतल्या लोकांनी त्याच्या आधी डोळ्यांनी पाहिली होती. कारण तेवढं ठाऊक नव्हतं.

ते कारण असं. प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. काही धातू आपले इलेक्ट्रॉन चटकन सोडतात, काही घट्ट धरून ठेवतात. दोन वेगळ्या स्वभावाचे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर खारं पाणी आलं, की झाली बॅटरी तयार. त्यात सोडणारा धातू झिजतो आणि धरून ठेवणारा सुरक्षित राहतो. 'अलार्म'च्या तळाशी असा प्रत्येक खिळा एका बॅटरीचा भाग झाला होता. त्यातही झिजणारा खिळा लहान आणि शेजारी तांब्याचा पत्रा मोठा. अशी विषम जोडी असली की लहानाची झीज फार वेगाने होते.

धडा मिळाला, पण तो अंगी बाणला का? नाही. पुढे आरमाराने शेकडो जहाजांना तांबं चढवलं, आणि तळातले लोखंडी बोल्ट पुन्हा कुजू लागले. मध्ये डांबरी कागद घालून पाहिला, पण तो कायम टिकेना. अखेर 1780 च्या दशकात बोल्टच तांब्याच्या मिश्रधातूचे केले, तेव्हा कुठे प्रश्न सुटला. अहवाल कपाटात असून भागत नाही, तो हातात उतरावा लागतो.

आता या गोष्टीत एक भारतात बांधलेलं जहाज येतं. तांब्याचे पत्रेसुद्धा हळूहळू झिजतच होते. ते वाचवायला हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने 1824 मध्ये युक्ती सांगितली. तांब्यापेक्षा चटकन झिजणारा धातू, म्हणजे जस्त किंवा लोखंड, मुद्दाम तांब्याला जोडा. तो झिजेल, तांबं वाचेल. हा प्रयोग ज्या जहाजांवर झाला त्यांतलं एक म्हणजे 'समरांग', 1822 मध्ये कोचीनला पाण्यात उतरलेलं. ओतीव लोखंडाचे तुकडे बसवून ते नोव्हा स्कोशियापर्यंत जाऊन आलं. तांबं खरोखरच वाचलं.

पण तांबं झिजेना, तेव्हा पाण्यात तांब्याचे क्षारही सुटेनात. शेवाळ आणि कवचाच्या जीवांना दूर ठेवणारं विष तेच तर होतं! अशा जहाजांचे तळ पुन्हा माखू लागले आणि 1825 मध्ये हे तुकडे काढून टाकायचा हुकूम निघाला. डेव्हीचं विज्ञान बरोबर होतं, जागा चुकली होती. पुढे लोखंडी आणि पोलादी जहाजं आली तेव्हा तीच युक्ती कामी आली. आज जहाजांच्या पोलादी तळाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे तुकडे लावतात, ते डेव्हीचेच वारसदार.

आता परत आपल्या सिलिंडरकडे येऊ. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही, कारण त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो. पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तो थर भेदतं. आणि सिलिंडरच्या तोंडाला व्हॉल्व्ह असतो पितळी, वरून क्रोम चढवलेला. म्हणजे इथे तांब्याच्या कुळातला धातू पुन्हा हजर, आणि झिजणारा आपला ॲल्युमिनियम. आट्यांत ओलावा राहिला की पांढरी भुकटी साठते आणि व्हॉल्व्ह जाम होतो. स्टीलचा पट्टा, तळाला घातलेला रबरी बूट, जिथे पाणी अडकतं तिथे कातडी सोलल्यासारखे खड्डे पडतात. आणि आत हवा असते सुमारे 200 बार दाबाची. मोटारीच्या चाकात असते दोन-सव्वादोन बार. त्यामुळे हा नुसता शोभेचा प्रश्न राहत नाही.

उपाय? सगळे याच इतिहासातले. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर, हा झाला आपला खाकी कागद. काही ॲल्युमिनियमच्या कॅमेरा पेट्यांवर जस्ताचा तुकडा असतो, तो डेव्हीचा. मात्र त्याला रंग लावू नका, रंगवलेलं जस्त कामाचं नाही. व्हॉल्व्हच्या आट्यांना हात लावायचा तो प्रशिक्षित माणसानेच. तो सिलिंडर रिकामा करून वरचेवर व्हॉल्व्ह काढतो, आतून तपासतो आणि श्वासाच्या हवेला चालणारं ग्रीस अगदी थोडं लावतो. तांब्याची पूड असलेलं ग्रीस तिथे नको, नाहीतर आपणच शत्रू घरात आणला. आणि आपल्या हातातलं काम म्हणजे बूट काढून गोड्या पाण्याने धुणं आणि नीट वाळवणं. खारं पाणीच गेलं, तर बॅटरी चालणार कशावर?

तेव्हा त्या नव्या मुलाला सांगा, बाबा रे, हे धुणं म्हणजे 1763 चा अहवाल आहे. तो रोज संध्याकाळी नव्याने लिहावा लागतो.